स्त्री संगीतकारांवर अभ्यास करायचाय? गावात बसून कुठं काय सापडतं (विदर्भातल्या मंडळींनी भर घालावी)

कापूसवेचणी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात संगीत शिकवते. एम.ए.च्या मुली लघुप्रबंधाला विषय शोधत येतात आणि दरवर्षी त्यांच्यातली एखादी तरी विचारतेच, "मॅडम, बायकांनी नुसतं गायलंच का? चाली कुणी केल्याच नाहीत?" पुस्तकं चाळल्यावर तिला तसं वाटणं साहजिक आहे. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हा धागा.

पहिली गोष्ट म्हणजे रचनाकार बाई कोशात बहुतेक वेळा "गायिका" म्हणून नोंदलेली असते. "संगीतकार" या सदरात शोधलं तर हाती काही लागत नाही. किशोरी आमोणकरांचंच घ्या. जयपूर घराण्याच्या थोर गायिका म्हणून त्यांची नोंद सगळीकडे आहे, पण त्यांनी बंदिशी बांधल्या आणि १९९० च्या 'दृष्टी' या हिंदी चित्रपटाला संगीत दिलं, हे नोंदीत खाली कुठंतरी एका ओळीत येतं. म्हणून अख्खी नोंद वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत.

दुसरी गोष्ट नावांची. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांचे संगीतकार "आनंदघन" म्हणजे लता मंगेशकर, हे पुष्कळांना माहीत आहे. पण बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'ला (१९३६) संगीत देणाऱ्या सरस्वती देवी या मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी घरातल्या मुलीनं सिनेमात काम करायला समाजाचा विरोध होता, म्हणून नाव बदललं. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही सख्खी भावंडं, पण आडनावं तीन. म्हणून शोधाला बसण्याआधी त्या बाईची सगळी नावं एका कागदावर लिहून काढायची : माहेरचं, सासरचं, रंगभूमीवरचं, रेकॉर्डवरचं. मी मुलींना हेच पहिलं काम देते.

आता साधनं. मराठी विश्वकोश आंतरजालावर फुकट आहे, सुरुवात तिथून करा. भारतीय संगीताचा इंग्रजी कोश म्हणाल तर निखिल घोष यांच्या संगीत महाभारती संस्थेचा, २०११ साली ऑक्सफर्डनं तीन खंडांत काढलेला. खेड्यातल्या 'ड' वर्ग वाचनालयात तो मिळणार नाही, नागपूर-अमरावतीलाच जावं लागेल. जायच्या आधी नावांची यादी तयार ठेवा, म्हणजे एका फेरीत काम होतं.

हिंदी चित्रपटांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा 'हिंदी फ़िल्म गीत कोश' आहे. दशकवार खंड, त्यात प्रत्येक चित्रपटाचं संगीत कुणाचं याची नोंद. जद्दनबाई, सरस्वती देवी, १९५९ च्या 'दिल देके देखो'पासून पुढं उषा खन्ना, असा धागा त्यातून सलग काढता येतो. मराठी गाण्यांना 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ उपयोगी आहे, तिथं संगीतकाराच्या नावानं शोधता येतं. आमच्या भागातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत पोरं 'सांग सांग भोलानाथ' म्हणतात. शिक्षकांना विचारलं की पाडगावकरांचं नाव चटकन येतं. चाल मीना खडीकरांची आहे, हे सांगणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

बंदिशींच्या बाबतीत सगळ्यात भक्कम साधन म्हणजे गायिकांनी स्वतः छापलेले संग्रह. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं 'रागरचनांजली' (२००४) आणि त्याचा पुढचा भाग, प्रभाताई अत्र्यांचे 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी'. यात रचना कुणाची हा वाद उरतच नाही, कारण स्वरलेखनासह ती स्वतःच्या नावावर छापलेली आहे. प्रबंधाला असा आधार लाखमोलाचा.

आणि शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत असतात, त्यामुळं मोबाइलचा डेटा जपायचा असेल तर अनुक्रमणिका आधी उघडा आणि हवं तेवढंच प्रकरण उतरवून घ्या. शोधताना देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत शब्द टाकून बघा, कारण मराठी प्रबंधांची शीर्षकं पुष्कळदा रोमन लिपीत चढवलेली असतात.

हे झालं छापील आणि नावाजलेल्या बायांचं. माझा खरा प्रश्न पुढं आहे. आपल्या वऱ्हाडात, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात) ज्या बायांनी गाणी रचली, चाली बसवल्या, त्यांच्यासाठी कुठलं साधन आहे? ज्याला जे ठाऊक असेल ते लिहा.

---

पेटीमास्तर

ताई, वाचनखूण साठवली. भर घालतो.

विदर्भापासूनच सुरुवात करायची तर तेराव्या शतकात जावं लागेल. महानुभाव पंथातली महदंबा, म्हणजे महदाइसा. तिचे 'धवळे' ही लग्नात गायची गाणी. पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सांगण्यावरून रिद्धपूरला तिनं ती रचली. रिद्धपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचं नाव शाळेत शिकवतात, पण धवळे मुळात गायचा प्रकार आहे, हे शिकवताना निसटून जातं. तुमच्या विद्यार्थिनीनं महदंबेला "कवयित्री" या कप्प्यातून काढून संगीताच्या अंगानं पाहिलं, तर तोच एक स्वतंत्र विषय होईल.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. पंथातल्या जुन्या मंडळींशी बोलायला तिथं जाण्याची सोय झाली, असं समजा.

---

भुलाबाईचा नातू

ताई, लय चांगला धागा काढला. मी दर्यापूर भागातला. माही आजी भुलाबाईच्या सणाचे गाने म्हनते, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी. मी तिले इचारलं का हे गानं कोनं केलं? तं थे म्हने, आमच्या माहेरी एक म्हातारी होती, थे दरसाल नवं कडवं जोडे अन् चाल बी बदलवे. मंग बाकीच्या बाया तसंच म्हनत. मी म्हटलं तिचं नाव काय? आजीले आठवेच ना. सारे तिले फलान्याची माय म्हनत.

आता सांगा, ह्या बाईले कोन्या पुस्तकात शोधू?

---

कापूसवेचणी

दादा, तुमच्या या चार ओळींत अख्ख्या विषयाचं दुखणं आलं. तिच्या सासरी ती "फलान्याची माय" होती, पण माहेरी तिला नाव होतं. तेव्हा आधी आजीला विचारा, ती बाई कुठल्या गावाहून दिलेली होती. माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्यांना नाव आठवण्याची शक्यता जास्त.

दुसरं, आपल्याकडं तहसीलात जुनी कोतवाल पंजी असते, जन्म-मृत्यूच्या नोंदींची. लोक ती जातीच्या दाखल्यासाठी काढतात. तीत मृत्यूची नोंद शोधा. ती कधी वारली याचा अंदाज आजीकडून काढा : कोणत्या दुष्काळाच्या आगेमागे, कोणाच्या लग्नाच्या साली. अंदाज जितका पक्का, तितकी पानं कमी उलटावी लागतील.

---

जुना वाचक

एक शंका मांडतो, राग नसावा. ओवी, भुलाबाईचं गाणं, लग्नातली गाणी ही कुणा एकीची नसतातच. जात्यावरची चाल पिढ्यानुपिढ्या चालत आलेली. तिला एका बाईचं नाव चिकटवणं म्हणजे लोकसंगीताचा स्वभाव न ओळखणं. "पारंपरिक" लिहिलं तर काय चुकलं? किशोरीताईंची बंदिश आणि शेतात गायलेली ओवी एका मापानं मोजता येतील असं मला वाटत नाही.

---

शोधयात्री

जुना वाचक, तुमचं म्हणणं निम्मं मान्य. चाल सामाईक असते. पण प्रत्येक ओवी सामाईक नसते. कोण काय जोडतं, कोण कुठं वळण घेतं, हे गाणाऱ्या बायांना एकमेकींबद्दल नेमकं ठाऊक असतं. वरच्या प्रतिसादातली म्हातारी बघा, तिनं चाल बदलल्याचं गावाला माहीत होतं.

आणि हे काम करून दाखवलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, १ लाखाहून अधिक. संगीताच्या बाजूनं बेर्नार बेल त्यांच्यासोबत होते. हा संग्रह २०१७ पासून 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतो आहे. उघडून बघा. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. कित्येकींचा आवाज ऐकता येतो. विषयवार वर्गवारी आहे. "पारंपरिक" एवढंच लिहून ते मोकळे झाले असते तर हजारो बायांची नावं गेली असती. त्यातल्या बऱ्याच ओव्या पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या आहेत. विदर्भातल्या माणसानं हाच साचा घेऊन आपल्याकडं काम करायला भरपूर जागा आहे.

नाव गेलं की काय होतं याचं उदाहरण युरोपातून देतो. फानी मेंडेल्सझोन-हेन्झेल (१८०५–१८४७). भाऊ फेलिक्स जगप्रसिद्ध. तिची सहा गाणी भावाच्या नावानं छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियानं त्याच्यासमोर त्यातलंच एक आवडीनं गायलं आणि ते बहिणीचं आहे, हे त्याला कबूल करावं लागलं. तिच्या 'ईस्टर सोनाटा'चं हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसला मिळालं, तेही फेलिक्सचंच मानलं गेलं. २०१० मध्ये एका अमेरिकन संशोधक बाईनं हस्ताक्षर आणि पानांचे क्रमांक ताडून ते फानीचं असल्याचं सिद्ध केलं. पानांच्या क्रमांकावरून! घरात जुनी वही असेल तर फाटकी पानंही टाकू नका, आणि क्रमांकासकट फोटो काढा.

पाश्चात्त्य बाजूचे कोशही सांगून ठेवतो. अॅरन कोहेन यांचा स्त्री संगीतकारांचा आंतरराष्ट्रीय विश्वकोश, दुसरी आवृत्ती १९८७, दोन खंड, ६००० हून अधिक नावं. ज्युली अॅन सेडी आणि रिअन सॅम्युएल यांनी संपादित केलेला ग्रोव्हचा (ग्रोव्ह ही इंग्रजीतली नावाजलेली संगीतकोशमाला) स्त्री संगीतकार कोश, १९९४. आधीचा रुंदीला मोठा, नंतरचा खोलीला. जर्मनीत 'फ्राउ उंड म्यूझिक' नावाचं फक्त स्त्रियांच्या संगीताचं संग्रहालय १९७९ पासून आहे, आता ते फ्रँकफुर्टला आहे. कॉपीराइट संपलेली स्वरलिपी 'आयएमएसएलपी' या संकेतस्थळावर फुकट मिळते, फानीचीही. तुलनात्मक विषय घेणाऱ्यांना हे पुरे. भारतीय बायांसाठी मात्र यांच्यावर विसंबू नका.

---

जुना वाचक

पारीवरच्या काही ओव्या ऐकल्या. नावं वाचत ऐकलं की फरक पडतो, हे खरं. चालीबद्दल माझं मत तेच आहे, पण "पारंपरिक"च्या पुढं कंस करून गाणारीचं नाव आणि गाव लिहायला माझी हरकत नाही.

एक भर माझ्याकडून : बहिणाबाई चौधरी. सोपानदेवांनी आईची गाणी टिपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली ती छापून आली, म्हणून शब्द राहिले. पण 'अरे संसार संसार' म्हटलं की जी चाल आपल्या ओठांवर येते ती 'मानिनी' चित्रपटातली, वसंत पवारांची. बहिणाबाई शेतात कोणत्या चालीवर म्हणत, ते कागदावर उतरलं नाही. छापील लोकगीतसंग्रहांतही असंच होतं, शब्द मिळतात, स्वर मिळत नाहीत. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' घ्या किंवा सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह घ्या, काम डोंगराएवढं आहे, पण संगीताच्या विद्यार्थ्याला त्यावरून चाल लावता येत नाही.

---

झाडीचा पाहुणा

गडचिरोलीकडून राम राम. झाडीपट्टी रंगभूमीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडं दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे मुख्य ठिकाण, नाटक मंडळांची कार्यालयं तिथं. पूर्वी बायांची कामं पुरुष करायचे, नंतर बाया आल्या, गायिका आल्या. या गायिकांचा इतिहास पुस्तकात फार थोडा आहे, पण तो जाहिरातींत आहे. प्रत्येक प्रयोगाचं पोस्टर, हँडबिल छापतात. त्यावर नाटकाचं नाव, गाव, तारीख, कलावंत, गायिका, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, सगळं असतं. जुनी हँडबिलं लोकांच्या माळ्यावर, छापखान्यात आणि पाटलाच्या घरच्या ट्रंकेत पडलेली आहेत. सलग वर्षांची हँडबिलं लावली की एखादी गायिका कोणत्या साली आली, कोणत्या मंडळात गेली, कधी थांबली हे दिसतं. जमवायला कुणी तयार असेल तर मी ब्रह्मपुरी–वडसा पट्ट्यात मदत करीन.

---

निळी पहाट

भीमगीतांचं साधनही नोंदवा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं गाण्यांच्या लहान लहान पुस्तिका मिळतात आणि पूर्वी कॅसेटही मिळायच्या. पुस्तिकेवर गीतकाराचं नाव असतं, कॅसेटच्या आतल्या कागदावर गायिकेचं आणि संगीताचं. गावोगावच्या महिला मंडळांनी १४ एप्रिलसाठी स्वतः बसवलेली गाणी वह्यांत आहेत. माझ्या आईची अशी वही आहे. प्रत्येक गाण्यावर "चाल :" लिहून एखाद्या सिनेमागीताचा मुखडा लिहिलेला, पण काही गाण्यांवर "चाल : आपली" असं आहे. ती मंडळातल्या बायांनीच लावलेली चाल. अशी नोंद शोधा, ती फार बोलकी असते.

---

कापूसवेचणी

"चाल : आपली" वाचून मी थांबले. निळी पहाट, त्या वहीतल्या तेवढ्या गाण्यांचे फोटो आणि आईच्या आवाजातलं एक गाणं, एवढं आधी जपून ठेवा. आईची परवानगी असेल तरच पुढं कुणाला द्या.

गोहरजानची गोष्ट इथं सांगायला हवी. १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीनं भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण केलं, त्यात ती गायली. गाणं संपलं की ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला हवं म्हणून. आज शंभर वर्षांनंतरही तबकडी लावली की नाव ऐकू येतं, लेबल फाटलं असलं तरी. त्या काळातल्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदींसाठी मायकेल किनिअर यांची सूची आहे, आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक. तवायफ आणि कलावंतिणींवर काम करणाऱ्यांना 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक सोडून चालणारच नाही.

मुलींना मी आता हेच सांगते. गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग लगेच बंद करू नका. आजीला तिच्याच तोंडून सांगू द्या : नाव, माहेर, सासर, गाणं कुणाकडून शिकली, त्यात स्वतः काय घातलं, आजची तारीख. फाइलचं नाव बदलतं, वही वाळवी खाते, पण आवाजातच नाव असलं तर ते गाण्यापासून तुटत नाही. परवानगीही त्याच ठिकाणी तोंडी घ्या, कुठं वापरणार ते स्पष्ट सांगून. लग्नातल्या काही गाण्यांत शिव्या असतात, काहींत सासरच्यांची नावं असतात. बाई नको म्हणाली तर तेवढं वगळायचं, वाद घालायचा नाही.

---

पेटीमास्तर

स्वरलेखन कोण करणार, हा प्रश्न राहतो. आपली भातखंडे लिपी ख्यालाला ठीक, पण ओवीतला ओढलेला शेवटचा स्वर तीत नीट बसत नाही. माझा सल्ला, आधी मूळ पट्टी लिहा (पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळते ते), मग आरोह-अवरोहात येणारे स्वर, आणि मग चाल. तालाच्या चौकटीत कोंबू नका. जात्याची फेरी हाच तिथला ताल. गोळा झालेलं मला पाठवा, स्वरलेखन मी करून देईन.

---

भुलाबाईचा नातू

ताई, आजीले पुन्हा इचारलं. थे म्हातारी आकोटकडची होती म्हने. येत्या भुलाबाईत मी सारं रेकॉर्ड करतो. माह्या मोबाइलवर होईन का? अन् मास्तरांले कसं पाठवू? व्हॉट्सअ‍ॅपवर चालन?

---

शोधयात्री

मोबाइल चालेल. पंखा बंद करा, मोबाइल विमान मोडवर टाका म्हणजे मध्येच फोन येणार नाही, आणि तो बायांच्या रिंगणाबाहेर, जमिनीवर नाही तर स्टुलावर ठेवा. टाळ्यांचा आवाज जवळून घेतला तर शब्द बुडतात. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'वेव्ह' (WAV, आवाज न दाबणारा फाइलचा प्रकार) असेल तर ते निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, आवाज दाबला जातो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मूळ फाइल मोबाइलमध्ये न ठेवता पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा. फाइलला नाव देताना तारीख, गाव, गाणारीचं नाव या क्रमानं द्या.

आकोट तालुक्यातलं कुणी हा धागा वाचत असेल तर नातूभाऊंना त्या म्हातारीचं माहेर शोधायला मदत करा.